पट्टीचं बिल



फिशपॉन्ड आणि बक्षीस समारंभाच्या मध्ये प्रमुख पाहुण्यांना उभं केलंय, म्हणजे तुमच्या सहनशक्तीचीही परीक्षा आजच दिसते. बी. फार्म. झाल्यावर मी मेडिकल कोडिंगकडे, म्हणजे आजार-उपचारांच्या नोंदींना ठरलेले कोड देण्याच्या कामाकडे वळले. पुण्यात बसून अमेरिकेतल्या रुग्णांच्या मलमपट्टीचे क्लेम तपासते. आजी म्हणाली होती, "अगं, पट्टीचं कसलं बिल?" तिला सांगितलं तेच तुम्हाला सांगते.

समजा, मधुमेह असलेल्या सत्तरीच्या आजोबांना उजव्या टाचेवर जखम आहे. तिकडे पासष्टीनंतर बहुतेकांना मेडिकेअर हा सरकारी विमा असतो. घरी वापरायच्या ड्रेसिंगचे पैसे तो देतो, पण जखम शस्त्रक्रियेची असेल किंवा तिच्यातला मेलेला भाग डॉक्टरांनी काढलेला असेल, तरच. सुई टोचल्याच्या जागेवर लावलेल्या पट्टीला छदामही मिळत नाही.

आता आजाराचे कोड. ई११.६२१ म्हणजे टाइप २ मधुमेह आणि पायाचा व्रण. तो एकटा चालत नाही, जोडीला एल९७.४१२ लागतो: उजवी टाच, चरबीचा थर उघडा पडलेला. शेवटचे तीन आकडे ४२२ लिहिलेत, तर जखम डाव्या टाचेवर गेली!

खरी गंमत ड्रेसिंगच्या कोडमध्ये आहे. जखम दोन इंच बाय दोन इंच असेल, तर पॅड साधारण दोन इंचांनी मोठा, म्हणजे चार बाय चारचा हवा. झाले १६ चौरस इंच. फोमचा, चिकट कड नसलेला, १६ चौरस इंचांपर्यंतचा पॅड म्हणजे ए६२०९. कड असेल तर ए६२१२, आणि मोजायचा तो मधला पॅड, कड नाही. सहा बाय सहाचा पॅड पाठवला की ३६ चौरस इंच झाले, कोड ए६२१० झाला, दर चढला. मग विमा विचारणारच, एवढ्याशा जखमेला एवढा पॅड कशाला? शेवटी कोडला जोडायचा ए१ हा मॉडिफायर, म्हणजे ड्रेसिंग एकाच जखमेसाठी. दोन जखमा असल्या तर ए२, नऊ किंवा जास्त असल्या तर ए९. फोम सहसा आठवड्यातून तीनदा बदलायचा, अल्जिनेटचं ड्रेसिंग दिवसातून एकदा. माल एका वेळी महिन्याभराचाच.

हे सगळं उभं कशावर? डॉक्टरांच्या किंवा नर्सच्या नोंदीवर. जखमेची लांबी, रुंदी, खोली, स्राव किती, हे निदान महिन्यातून एकदा लिहिलेलं हवं. आणि नोंदीत सापडतं काय? "जखम सुधारतेय, ड्रेसिंग चालू ठेवा." अहो, किती सुधारतेय? शेजारच्या फोटोत जखम स्पष्ट दिसत असली, तरी मापं आपल्या मनाने भरायची नाहीत. लिहिलं नाही म्हणजे झालं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. आम्ही डॉक्टरांना क्वेरी पाठवतो आणि उत्तर येईपर्यंत तो क्लेम अडकतो. घाईत अंदाज ठोकणारा कोडर त्या दिवशी हुशार दिसतो, ऑडिटमध्ये सापडतो.

मला विचाराल तर चौरस इंचांचा हा हिशेब कधी कधी अतीच वाटतो. पण 'किरकोळ साहित्य' अशी मोघम ओळ टाकून रक्कम लावण्यापेक्षा बरा. आपल्याकडच्या मेडिक्लेममध्ये तर क्रेप बँडेजचं नाव पैसे न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीतच आहे. डिस्चार्जच्या वेळी काउंटरवर वाद घालणाऱ्या पालकांना ते ठाऊक असेल.

तुमच्यापैकी काही जण या क्षेत्रात येतील. बी. फार्म., फिजिओथेरपी, नर्सिंग, जीवशास्त्रवाले, सगळ्यांना इथे वाव आहे. टाच आणि घोटा यांत गोंधळ होत नाही, ही तुमची जमेची बाजू. पण 'शंभर टक्के नोकरी'चा फलक लावलेल्या क्लासमध्ये घरच्यांचे पैसे भरायची घाई करू नका. आजारांचे कोड आणि ड्रेसिंगचे नियम अमेरिकन सरकारच्या संकेतस्थळांवर फुकट वाचायला मिळतात. आधी महिनाभर ते वाचा, आवडलं तरच फी भरा.