चौकोनी डोक्याच्या रॅकेटचं गटिंग

पूर्वी बॅडमिंटनच्या रॅकेटचं डोकं अंडाकृती असे. आता बहुतेक रॅकेटी वरच्या बाजूला चौकोनी दिसतात. या आकारात शेजारच्या तारांच्या लांबीत फार फरक पडत नाही, त्यामुळे फूल मधोमध बसलं नाही तरी फटका चांगला जातो.

गटिंग, म्हणजे नवी तार ओढण्याचं काम, करताना मात्र अशा रॅकेटला जास्त जपावं लागतं, कारण गोलाईपेक्षा सपाट कडा ताणाखाली लवकर वाकते. जुनी तार कापण्याआधी तिच्या विणीचा फोटो काढावा, डोक्याची लांबी-रुंदी मोजून लिहून ठेवावी. तार मधून बाहेरच्या दिशेने, दोन्हीकडे सारखी कापत जावी. फ्रेमच्या भोकांतली चिरलेली ग्रोमेटं, म्हणजे तारेला जपणाऱ्या छोट्या नळ्या, बदलाव्यात, नाहीतर फ्रेमची धार नवी तार तोडते. गटिंगच्या मशीनवर फ्रेमला चहूबाजूंनी आधार द्यावा.

एका रॅकेटला साधारण १० मीटर तार लागते. उभ्या तारा मध्यापासून डावी-उजवीकडे आलटून पालटून ओढाव्यात. त्यांच्या ताणाने डोकं आखूड आणि रुंद होतं. आडव्या तारा ते पुन्हा आकारात आणतात. म्हणूनच अनेक जाणकार आडव्या तारांना सुमारे १० टक्के जादा ताण देतात. काम अर्धवट टाकून उठू नये, कारण तेव्हाच फ्रेमवर असमान ताण असतो.

शेवटी लांबी-रुंदी पुन्हा मोजून आधीच्या मापाशी ताडून पाहा. आणि फ्रेमवर छापलेली ताणाची मर्यादा कधीही ओलांडू नका.