हिरवळीची तहान

मार्च सरू लागला की आमच्या खानदेशात ऊन अंगणात ठाण मांडून बसते. नळाला रोज पाणी येईलच, असा भरवसा नसतो. अशा दिवसांत हिरवळीला पाणी घालावे की नाही, हा प्रश्न आमच्या घरी दरसाल निघतो. "माणसांना पुरेना, आणि तुम्ही गवताला पाजता!" हे गृहिणीचे म्हणणे. त्यावर मजजवळ उत्तर नव्हते.

आधी एक चूक कबूल करतो. थंड मुलखांतल्या हिरवळींची चित्रे पाहून मी एका वर्षी दिवाळीनंतर राय गवताचे बी पेरले. नाताळात अंगणात गालिचा अंथरल्यासारखा दिसला; एप्रिलमध्ये त्याचे पार काड झाले. यात नवल ते काय? राय, फेस्क्यू, ब्लूग्रास ही गवते आपल्या गव्हाच्या चालीची. गहू कोणी मे महिन्यात पेरतो का? ही गवते साधारण १५ ते २४ अंशांत सुखाने वाढतात, आणि जळगावचा पारा मे महिन्यात ४४ च्याही पुढे जातो. त्यांच्या मुलखात उन्हाळ्यात पाणी तोडले, तर ब्लूग्रास पिवळे पडून झोपी जाते, पाऊस येताच बुडख्यातून फुटते. उंच फेस्क्यू मुळे खोल सोडून ओल शोधते. पण या युक्त्या तिथल्या उन्हाळ्यापुरत्या. माझे राय काही पुन्हा उठले नाही.

मग उरली आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच. शेतकऱ्याच्या मात्र तिचे नाव काढताच कपाळाला आठ्या पडतात. तिच्या काशा, म्हणजे जमिनीखालची खोडे, नांगरून उन्हात वाळवाव्या लागतात. जो चिवटपणा शेतात जाच, तोच अंगणात कामाचा! हरळी ज्वारी-बाजरीच्या वर्गातली. तेवढ्याच वाढीला तिला पाणी कमी लागते.

तरी माझी हरळीही सुकेच. शेजारचे माळीदादा म्हणाले, "सर, तुम्ही रोज शिंपडता ना, म्हणून मुळं वरच राहतात. खाली पाणी असेल, तर ती खाली जातील." त्यांच्या सांगण्यावरून मी हिशेब मांडला. चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आमचे अंगण २० चौरस मीटर. रोज पाच मिलिमीटर शिंपडले, तर दहा दिवसांत १००० लिटर; त्यातले बरेचसे उन्हानेच पिऊन टाकलेले. त्याऐवजी दहा दिवसांतून एकदा, सूर्य उगवण्यापूर्वी, सावकाश २५ मिलिमीटर दिले, तर ५०० लिटर. एवढ्यावर हरळी हिरवीगार राहत नाही, पण जगते. गवत जरा उंच ठेवावे. खोल कापले की मुळेही आखडतात.

सध्या आमच्याकडे कपडे खळबळल्याचे शेवटचे पाणीच तिकडे जाते. हिरवळ पिवळी पडली आहे. परवा गृहिणीने विचारले, "मेली की काय हो?" मी सुरीने एक काशी उकरून मोडून दाखविली. आत पांढरी होती, ओलसर.