उतारावर सांडणारी शक्ती

पोलादी रुळावरून पोलादी चाक फिरते तेव्हा त्यास होणारा विरोध इतका अल्प असतो, की जमिनीवरच्या वाहतुकीत रेल्वेइतके काटकसरी साधन दुसरे क्वचितच सापडेल. अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांचा संघ तर असे सांगतो, की तेथील मालगाड्या एक टन माल एका गॅलनमध्ये, म्हणजे सुमारे पावणेचार लिटर डिझेलमध्ये, जवळजवळ ८०० किलोमीटर वाहून नेतात. अशा साधनाकडून आणखी काटकसरीची अपेक्षा करणे कोणास हट्टाचे वाटेल. तथापि डिझेल इंजिनाच्या रोजच्या कामाचा जमाखर्च बारकाईने तपासला, तर इंधन जळाले खरे, पण त्यातून काम काहीच झाले नाही, अशा दोन मोठ्या बाबी त्यात आढळतात: एक उतारावरची आणि दुसरी यार्डातली. संकरित, म्हणजेच हायब्रिड, इंजिनाचा सारा खटाटोप या दोन बाबींची वसुली करण्यासाठी आहे.

ज्यास आपण डिझेल इंजिन म्हणतो त्याची चाके बहुतेक ठिकाणी विजेवरच फिरतात. आतील डिझेल यंत्र एक जनित्र फिरवते, ते जनित्र वीज निर्माण करते, आणि आसांवर बसविलेल्या मोटरी त्या विजेवर गाडी ओढतात. उतारावर ड्रायव्हर डायनॅमिक ब्रेक लावतो तेव्हा हा क्रम उलटतो. चाके मोटरींना फिरवू लागतात, मोटरी स्वतःच जनित्रे बनतात, आणि गाडीचा आवेग विजेच्या रूपाने त्यांच्यातून बाहेर पडू लागतो. पण ही वीज ठेवावयाची कोठे? साध्या डिझेल इंजिनात तिला जागा नाही. म्हणून ती रोधक तारांच्या जाळ्यांत सोडतात, जाळ्या तापतात आणि पंखे ती उष्णता आकाशात उडवून देतात. ब्रेकचे ठोकळे झिजत नाहीत, चाकांना धग लागत नाही, हा लाभ लहान नव्हे; परंतु शक्ती जाते ती कायमची जाते.

ती किती जाते याचा अजमास आपल्या परिचयाच्या घाटावरून बांधता येईल. १,००० टनांची एखादी गाडी लोणावळ्याहून बोरघाट उतरून कर्जतला येते तेव्हा ती सुमारे ५५० मीटर खाली उतरते, आणि एवढ्या उतरणीत तिच्या वजनातून मोकळी होणारी ऊर्जा सुमारे १,५०० युनिट भरते. एक लिटर डिझेलपासून चांगल्या यंत्राकडून चारेक युनिट काम मिळते असे धरले, तर हे मोल पावणेचारशे-चारशे लिटर तेलाचे झाले. घर्षण, वळणे आणि यंत्रांतील गळती वजा करून निम्मी ऊर्जा जरी हाती लागली, तरी प्रत्येक गाडीमागे ती रक्कम उपेक्षणीय ठरत नाही. बोरघाटात १९२९ सालापासून विजेच्या तारा आहेत, आणि आजची विजेची इंजिने घाट उतरताना निर्माण झालेली वीज त्या तारांना परत करतात, जी त्याच वेळी घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या उपयोगी पडते. स्वीडनमधील किरुना येथून नॉर्वेच्या नार्विक बंदराकडे उतरणाऱ्या लोहखनिजाच्या गाड्या तर उतरणीवर इतकी वीज परत देतात, की रिकाम्या वाघिणी सरहद्दीपर्यंत चढवून नेण्यास ती पुरावी. डिझेल इंजिनाच्या डोक्यावर अशी घेणारी तार नसते. तिची जागा बॅटरीने भरून काढावी, एवढीच या संकराची मूळ कल्पना आहे.

कल्पना सोपी असली तरी अडचण वजनाची आहे. वर सांगितलेल्या ऊर्जेचा निम्मा भाग साठवावयाचा म्हटले, तरी आजच्या लिथियम बॅटऱ्यांचे वजन, आवरण आणि शीतनाची व्यवस्था धरून, सहा-सात टनांच्या घरात जाते. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने २००७ साली लॉस एंजेलिस येथे ४,४०० अश्वशक्तीचे संकरित इंजिन मोठ्या समारंभाने दाखविले होते. ते नित्याच्या वापरात मात्र उतरले नाही. पुढे २०२१ साली वॅबटेक कंपनीचे केवळ बॅटरीवर चालणारे इंजिन दोन्हीकडच्या डिझेल इंजिनांबरोबर जोडून कॅलिफोर्नियातील बार्स्टो ते स्टॉकटन या मार्गावर चालविण्यात आले, तेव्हा संपूर्ण गाडीच्या इंधनात सरासरी ११ टक्के बचत झाल्याचे जाहीर करण्यात आले. ११ टक्के हा आकडा आदराने घ्यावयास हवा. पण सपाट मुलखातून तासन् तास एकाच वेगाने धावणाऱ्या मालगाडीकडून याहून फार अधिक मिळेल अशी आशा मी धरणार नाही, कारण अशा धावेत ब्रेक क्वचित लागतो आणि डिझेल यंत्र त्याच्या सर्वांत कार्यक्षम अवस्थेतच चाललेले असते.

माझ्या मते संकरित इंजिनाचे खरे घर यार्ड हे आहे. अमेरिकन सरकारने इंजिनांच्या धुराची तपासणी करण्यासाठी त्यांच्या कामाचे जे प्रमाण ठरविले आहे, त्यात शंटिंगचे, म्हणजे यार्डात वाघिणींची हलवाहलव करणारे, इंजिन आपल्या एकंदर वेळेपैकी जवळजवळ ६० टक्के वेळ नुसते धडधडत उभे असते, आणि आठव्या नॉचवर, म्हणजे शक्तीच्या सर्वांत वरच्या पायरीवर, ते एक टक्काही वेळ नसते. थोड्या वाघिणी ढकलाव्यात, थांबावे, हातवाऱ्याची अगर दिव्याची खूण पाहावी, पुन्हा ढकलावे, असा त्याचा दिनक्रम. तरीही ते बंद करीत नाहीत, कारण ब्रेकसाठी हवेचा दाब राखावा लागतो आणि प्रचंड यंत्र पुन्हा सुरू करणे ही हलकी गोष्ट नसते. भारतीय रेल्वेने यावर एक शहाणा इलाज केला: मोठे यंत्र रिकामे चालताना तासाला सुमारे २५ लिटर तेल पिते, तेथे तासाला तीनेक लिटरांवर भागणारे लहानसे साहाय्यक यंत्र काही इंजिनांत बसविले.

संकरित शंटिंग इंजिन याच्या एक पाऊल पुढे जाते. त्यात यंत्र मुळातच लहान असते. घरावरची टाकी नळाच्या बारीक धारेने दिवसभर भरत राहावी, तसे ते बॅटरी भरत राहते, आणि जोराचा धक्का द्यावयाचा तेवढ्या क्षणापुरती बॅटरी आपला साठा मोकळा करते. कॅनडातील रेलपॉवर कंपनीच्या ‘ग्रीन गोट’ इंजिनात २,००० अश्वशक्तीचा जोर असूनही डिझेल यंत्र तीनशेच्या आसपास अश्वशक्तीचेच होते, आणि बाकीचा भार शिशाच्या बॅटऱ्यांनी उचलला. शिसे जड, हा इतरत्र दोष. येथे तो गुण ठरला, कारण शंटिंगच्या इंजिनास चाके घसरू नयेत म्हणून वजन हवेच असते. दुर्दैवाने त्या बॅटऱ्यांना आगी लागल्या, इंजिने परत बोलवावी लागली, आणि २००९ साली कंपनीही बुडाली. दोष बॅटरीचा आणि तिच्या बंदोबस्ताचा होता. मांडणी निर्दोष होती. हे जपानने दाखवून दिले: तेथील मालवाहू रेल्वे कंपनीने तोशिबाकडून बनवून घेतलेल्या, २०१० साली पुढे आलेल्या ‘एचडी ३००’ या इंजिनाने लिथियम बॅटरीच्या बळावर जुन्या शंटिंग इंजिनाच्या मानाने एक-तृतीयांशाहून अधिक इंधन वाचविले. त्याआधी, २००७ सालीच, पूर्व जपान रेल्वेने कोउमी या डोंगरी फाट्यावर संकरित प्रवासी गाडी सुरू केली होती, जी स्थानकातून निघताना डिझेल यंत्र न लावता बॅटरीवरच निघते.

आपल्याकडे ब्रॉडगेजच्या नव्वद टक्क्यांहून अधिक मार्गांवर तारा ओढल्या गेल्या आहेत, आणि जेथे तार आहे तेथे या संकराची गरज नाही. पण मालधक्क्यावर क्रेन चालते, बंदरात वरून माल उतरतो, औष्णिक केंद्रात वाघिणी उलट्या करून कोळसा ओततात. अशा जागी डोक्यावर तार ठेवणे गैरसोयीचे, कित्येकदा धोक्याचे असते, आणि म्हणून तेथे डिझेल इंजिन अद्याप ठाण मांडून आहे. संकरित इंजिनाची परीक्षा प्रथम याच जागी घेतली जावी असे मला मनापासून वाटते. त्यासाठी फार मोठ्या चौकशीचे कारण नाही. सूक्ष्मसंगणक बसविलेल्या डिझेल इंजिनांत कोणत्या नॉचवर किती वेळ गेला याची नोंद आपोआप होत असते. ज्या यार्डात ती नोंद इंजिन निम्म्याहून अधिक वेळ उभे असल्याचे सांगेल, त्या यार्डापासून आरंभ करावा.