कणकवली आणि गोपुरी



गड आणि जाणवली या नद्यांच्या सान्निध्यातील आमची कणकवली मुंबई-गोवा मार्गामुळे बाजारपेठ झाली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण होऊन मुंबई आणखी जवळ आली. भालचंद्र महाराजांच्या मठाकडे आपले पाय आपसूक वळतात. पण गोपुरीकडे?

अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात संडास-सफाईचे काम मागितले. ब्राह्मण म्हणून ते नाकारले गेले, तेव्हा त्यांनी अन्नसत्याग्रह आरंभिला. येरवड्यास गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास धरला. पुढे गोपुरीत त्यांनी मृत जनावरांची कातडी सोडविली, मैल्याचे खत केले. ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे ऐकणे काहींस रुचणार नाही. तथापि आगामी संमेलनाची एक बैठक गोपुरीतच भरवावी, अशी आमची सूचना आहे.