शेवटच्या माणसाला आधी विचारा
(जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभातील भाषणाचा सारांश)



आज कळस चढला. ज्याने लाख रुपये दिले त्याचे हे देऊळ आहे, तसेच ज्याने दोन दिवस घमेली वाहिली त्याचेही आहे.

परंतु एक कबुली द्यावयाची आहे. देवळाचा पहिला नकाशा आम्ही पाच-सात जणांनीच ठरविला होता. तो सर्वांपुढे मांडला तेव्हा एक आजी म्हणाल्या, "बाबांनो, एवढ्या पायऱ्या आम्ही चढायच्या कशा? देव काय खालूनच पाहायचा?" आम्हा शहाण्यांना हे सुचलेच नव्हते! पायऱ्या कमी केल्या, कठडा बसविला. लोकांना विचारणे हा उपकार नव्हे. न विचारल्यास काम चुकते.

आपल्याच जिल्ह्यातले ओझर पाहा. वाघाड धरणाचे पाणी कालव्याच्या शेवटाला पोहोचत नसे. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांना एकत्र बसविले. १९९१ च्या सुमारास शेवटाकडील शेतकऱ्यांच्या तीन पाणीवापर संस्था झाल्या. पाणी मोजून घ्यावयाचे, पाळी आपणच ठरवावयाची, पाणीपट्टीही आपणच गोळा करावयाची. पुढे वरची गावेही आली; संस्था चोवीस झाल्या. २००५ साली राज्याने पाणीवापर संस्थांचा कायदा केला. त्यात कालव्याच्या मुखाच्या, मधल्या आणि शेवटच्या शेतकऱ्यांना संचालक मंडळात सारख्या जागा दिल्या.

आपले काय? १९८२ साली नाशिक महानगरपालिका झाली, अंबड शहरात गेले आणि ग्रामसभा राहिली नाही. आपल्या हाती मत तेवढे उरले. मत देऊन माणूस निवडता येतो. पण कोणत्या गल्लीत पाणी तुंबते, कोठे दिवा नाही, हे त्या एकट्याला कसे कळावे?

म्हणून माझी विनंती आहे. दर शुद्ध एकादशीला भजनाआधी तासभर या सभामंडपात बसू या. नगरसेवकांनाही बोलावू या. मागण्या वहीत लिहाव्यात, मागच्या मागणीचे काय झाले ते वाचावे. देवळाचा जमाखर्चही तेथेच वाचावा. माताभगिनींनी पुढे बसावे. आणि ज्याच्या दारी पाणी शेवटी येते, त्याला आधी बोलू द्यावे.

देऊळ सर्वांनी मिळून बांधले. गावही तसेच चालवू या. रामकृष्ण हरी!