भागीदाराची सही : प्रतिनिधित्व आणि भागीदारी कायद्याची मूलतत्त्वे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त शिरोली एमआयडीसी येथे दिलेले व्याख्यान)

एखाद्या संस्थेची पन्नास वर्षे पूर्ण होतात, ती माणसांनी परस्परांवर ठेवलेल्या विश्वासाच्या बळावर. व्यापाराचे खरे भांडवलही तेच असते. या वसाहतीतील फाउंड्री, इचलकरंजीतील यंत्रमाग, गांधीनगरची कापडपेठ, कोठेही पाहा. भाऊ-भाऊ, मामा-भाचे, मित्र-मित्र भागीदारीत धंदा करताना दिसतात. मी वकील नाही, कापडाचा व्यापारी आहे. तथापि बी.कॉम.ला अभ्यासलेला हा कायदा प्रत्येक पेढीने जाणून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

प्रथम प्रतिनिधित्वाचा, म्हणजेच एजन्सीचा विचार करू. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या दहाव्या प्रकरणात त्याचे नियम आहेत. गुळाचा अडत्या शेतकऱ्याचा गूळ विकतो, तेव्हा माल त्याचा नसतो. तो शेतकऱ्याच्या वतीने विकतो, हिशेब देतो आणि आपली अडत घेतो. प्रतिनिधीने दिलेल्या अधिकारात केलेला व्यवहार मालकाने स्वतः केल्यासारखाच धरला जातो. म्हणूनच त्याने मालकाच्या नकळत तो माल स्वतःसाठी घेऊन नफा मिळवला, तर त्या नफ्यावर मालक हक्क सांगू शकतो. याउलट, आपण ज्याला बोलण्यात 'कंपनीची एजन्सी' म्हणतो, त्यातील दुकानदार स्वतःच्या पैशाने माल विकत घेऊन विकत असेल, तर तो कायद्याच्या अर्थाने एजंट नव्हे.

आता भागीदारी. नफ्यात हिस्सा असला की भागीदारी झाली, हा समज अपुरा आहे. १८६० साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे 'कॉक्स विरुद्ध हिकमन' हा खटला आला. स्मिथ नावाची लोखंडाच्या धंद्यातील पेढी अडचणीत आली होती. धनकोंनी विश्वस्तांमार्फत कारखाना चालवून नफ्यातून आपले येणे वसूल करण्याचे ठरवले. हे धनको भागीदार झाले काय? न्यायालयाने 'नाही' म्हटले. कारण धंदा त्यांचा प्रतिनिधी म्हणून चालवला जात नव्हता. हेच तत्त्व १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याच्या चौथ्या कलमात आहे : धंदा सर्वांनी, किंवा सर्वांच्या वतीने एखाद्याने चालवलेला असला पाहिजे.

म्हणजे प्रत्येक भागीदार एकाच वेळी मालकही असतो आणि पेढीचा प्रतिनिधीही. अठरावे कलम हेच सांगते. पंचविसावे कलम त्याची किंमत सांगते : पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार इतरांसह आणि एकटाही जबाबदार असतो. ही जबाबदारी गुंतवलेल्या भांडवलापुरती नसते. राहत्या घरापर्यंत पोहोचू शकते.

समजा, दोघा भागीदारांनी आपसांत ठरवले की एक लाखावरील खरेदीला दोघांच्या सह्या हव्यात. एकाने परस्पर पाच लाखांचे पिग आयर्न पेढीच्या नावे उधार घेतले. पुरवठादाराला ती अट ठाऊक नसेल, तर बिल पेढीला द्यावेच लागेल. करारपत्र भागीदारांना आपसांत बांधते. बाहेरचा माणूस नेहमीचा धंदा आणि भागीदाराची सही पाहतो. अर्थात काही गोष्टी कायद्यानेच भागीदाराच्या गृहीत अधिकाराबाहेर ठेवल्या आहेत. पेढीची स्थावर मिळकत विकणे, पेढीचे खाते स्वतःच्या नावे उघडणे, दाव्यात देणे कबूल करणे, वाद लवादाकडे सोपवणे या त्यांपैकी काही होत.

अधिकार देताना आपण मुहूर्त पाहतो. तो संपताना मात्र कोणी कोणाला कळवत नाही. निवृत्त झालेल्या भागीदाराने जाहीर नोटीस दिली नाही, तर त्याला अजून भागीदार समजून व्यवहार करणाऱ्यांना तो नंतरच्या उधारीसाठीही जबाबदार राहतो. नोंदणीकृत पेढीच्या बाबतीत निबंधकांना कळवणे, शासकीय राजपत्रात आणि जिल्ह्यात खप असलेल्या एका तरी स्थानिक भाषेतील वृत्तपत्रात प्रसिद्धी देणे आवश्यक आहे.

मृत्यूची गोष्ट वेगळी. करारात अन्यथा ठरलेले नसेल, तर भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. भागीदार दोनच असतील, तर एकाच्या मृत्यूनंतर कराराचे कलमही पेढी वाचवू शकत नाही. कारण भागीदारीला किमान दोघे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये सेठ गोविंदराम शुगर मिल्सच्या प्रकरणात हे स्पष्ट केले आहे.

नोंदणी सक्तीची नाही, परंतु ती नसेल तर करारातील येणे वसूल करण्यासाठी पेढीला बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. बाहेरच्याला मात्र पेढीवर लावता येतो. महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने आणखी कडक अट घातली. नोंदणी नसलेल्या पेढीच्या भागीदाराला विसर्जनाचा किंवा हिशेबाचा दावाही बहुतांशी बंद झाला. ती तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घटनाबाह्य ठरवली. तो दरवाजा उघडला, तरी उधारी वसुलीचा अडसर कायम आहे. अमर्याद जबाबदारी नको असणाऱ्यांसाठी २००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्व भागीदारीचा मार्ग दिला आहे. तेथे भागीदार त्या संस्थेचा प्रतिनिधी असतो, इतर भागीदारांचा नसतो.

काही वडीलधारी मंडळी म्हणतात, "घरच्या माणसात कागद कशाला? तो अविश्वास झाला." त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. पण जे दोघे हातावर हात ठेवून बोलले, त्यांच्यातील एक जण गेल्यावर त्याच्या पत्नीने हिस्सा कशावरून मागावा? आणि मागे राहिलेल्या प्रामाणिक भागीदाराने तरी आपला प्रामाणिकपणा कशाने सिद्ध करावा? कागद दोघांचेही रक्षण करतो.

आपल्या शास्त्रकारांनीही हे ओळखले होते. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख करणे आणि न्यासापहार म्हणजे दुसऱ्याची ठेव दडपणे ही दोन आहेत. ठेवणारा रक्कम विसरला, म्हणून कमी परत करणे हाही न्यासापहारच होय. भागीदाराचा हिस्सा ही आपल्याकडील ठेवच नाही काय?

तेव्हा या दिवाळीला वहीपूजनाच्या दिवशी प्रत्येक पेढीने आपले करारपत्र बाहेर काढून वाचावे. गेलेल्यांची आणि निवृत्तांची नावे कमी झाली का, नव्यांची भरली का, निबंधकांकडे नोंद आहे का, हे पाहावे. ते काम झाले, तर माझे आजचे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.