नाकाला पदर लावण्याआधी

(बीड जिल्ह्यातील नेकनूर येथील उन्हाळी व्याख्यानमालेत एका निवृत्त परिचर्या शिक्षिकेने दिलेले व्याख्यान)



निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय 'रुग्णसेवेतील संयम' असा छापला आहे. संयमाच्या पोटात पुष्कळ गोष्टी येतात. त्यातली एकच आज घेणार आहे, कारण तिच्याबद्दल व्यासपीठावरून कुणी बोलत नाही. वास. जखमेचा वास, बेडपॅनचा वास, पेशंटच्या तोंडाचा वास. (हशा.)

नर्सिंगला आलेली पोरगी ॲनाटॉमीला घाबरत नाही, इंजेक्शनची भीतीही महिन्याभरात जाते. पण ती सडलेल्या पायाच्या ड्रेसिंगला उभी राहते, पोटात ढवळतं, डोळ्यांसमोर अंधारी येते, आणि त्या रात्री हॉस्टेलवरून घरी फोन जातो की मला हे जमणार नाही. घरचे म्हणतात, ये निघून. आम्ही शिकवणारे म्हणतो, सवय होईल. हे 'सवय होईल' मला कधीच पटलं नाही. ज्या सिस्टरला कशाचाच वास येईनासा झाला, तिच्या हातून पेशंटची एक मोठी खूण निसटली. नाक मारू नका, त्याला शिकवा, आणि मळमळ आवरायची ती नाक शाबूत ठेवून, एवढंच मला आज सांगायचं आहे. बाकीचं सगळं त्याच्याच अनुषंगाने येईल.

१८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी काय केलं, वरोऱ्यात बाबा आमट्यांना कुष्ठरोगी तुळशीराम कसा भेटला, हे तुम्हाला पाठ आहे, ते पुन्हा सांगत नाही. फक्त एक लक्षात ठेवा. तुळशीरामचं ते झडलेलं शरीर पाहून बाबाही आधी पळालेच होते. किळस येण्यात कमीपणा काहीच नाही, शरीराची रचनाच तशी आहे. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं आधी मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या ठाण्यावर थांबतं. वास मात्र त्या ठाण्यावर न थांबता भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांत शिरतो. म्हणून विचार करायच्या आत उबळ येते. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. अशा ग्राहकांची जनुकं १९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी शोधली आणि २००४ चं नोबेल त्यांना मिळालं. एवढी सामग्री निसर्गाने दिली आहे, आणि आम्ही ती पहिल्याच वर्षी बंद करायला शिकवतो.

एक गुण या नाकाचा फार उपयोगी आहे. त्याच वासात थांबलात की काही मिनिटांत तो कमी जाणवायला लागतो. जी मुलगी मध्येच व्हरांड्यात पळते आणि मोकळी हवा घेऊन परत येते, तिला वास पुन्हा पहिल्याइतकाच लागतो. जी थांबते ती सुटते. पण याच गुणामुळे रात्रभर वॉर्डात असलेल्या सिस्टरला जे कळत नाही, ते सकाळी ओव्हर, म्हणजे ड्यूटीचा ताबा, घ्यायला आलेलीला दारातच कळतं. ती पहिली दोन-तीन मिनिटं वाया घालवू नका. त्या वेळेत प्रत्येक खाटेजवळून जा, कुठे काय वेगळं आलं ते बघा आणि लिहा. 'दुर्गंधी आहे' एवढं लिहून भागत नाही. कसली, कालच्यापेक्षा जास्त की कमी, ड्रेसिंगची की श्वासाची, हे लिहा.

पिकल्या फळासारखा गोडसर श्वास आला तर साखर वाढून कीटोन साचलेत का ते तपासायला सांगा. जखमेला गोडूस, द्राक्षासारखा वास आणि ड्रेसिंगवर हिरवट डाग दिसला तर स्यूडोमोनासची शंका घ्या. कुजका, घशाशी येणारा वास बहुधा हवेवाचून वाढणाऱ्या जंतूंचा. बाळंतिणीच्या अंगावरून जाणाऱ्याला रक्ताचा वास असतोच, पण तो घाण यायला लागला आणि ताप चढला की सकाळची वाट पाहायची नाही, डॉक्टरांना उठवायचं. या गावात स्त्री रुग्णालय आहे, इथल्या मुलींना हे तर झोपेतही आठवलं पाहिजे. आणि फवारणीचं औषध. नातेवाईक सांगतात, शेतात चक्कर येऊन पडला. तोंडाला लसणासारखा उग्र वास, बाहुल्या बारीक झालेल्या, तोंडातून फेस. घरचे काय सांगतात यावर थांबू नका, नाकाला काय कळलं ते ताबडतोब डॉक्टरांना सांगा. रोग्याची परीक्षा पाचही इंद्रियांनी आणि प्रश्न विचारून करावी, असं सुश्रुताने सांगितलं आहे. त्या पाचांत नाक आहे.

हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही, एका मावशीने शिकवलं. मी शिकत होते तेव्हा आमच्या वॉर्डात साफसफाईला एक मावशी होत्या. रात्रपाळी होती. त्या बेडपॅन घेऊन मोरीकडे निघाल्या आणि वाटेतच थांबल्या. वर वर्तमानपत्र झाकलेलं होतं, ते एका कोपऱ्याने उचलून मला म्हणाल्या, "पोरी, इकडं ये. ह्या म्हाताऱ्याचं हे नेहमीचं न्हाई." मी तोंड फिरवायला लागले तर त्यांनी माझा दंड धरला. "बघ आधी." डांबरासारखं काळं, चिकट, आणि वास नेहमीच्या घाणीचा नव्हताच. रक्त पोटात मुरून आल्यावर जो येतो तो, एकदा आला की आयुष्यभर ओळखू येतो. म्हातारबा गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेल्या गोळ्या कितीतरी दिवस खात होते, हे कुणी विचारलंच नव्हतं. नाडी पाहिली तर धावत होती, ब्लडप्रेशर उतरत चाललं होतं. डॉक्टर आले, सलाईन लागलं, पहाटे रक्त चढलं. म्हातारबा चालत घरी गेले. मेलिना हा शब्द मी परीक्षेसाठी पाठ केला होता, पण ओळखला मावशींनी. केसपेपरवर डॉक्टरांची सही होती, सिस्टरची सही होती. मावशींचं नाव कुठेच नव्हतं. मला ते आजही खटकतं. मावशी आणि मामा यांना वॉर्डातलं जे कळतं ते विचारायची पद्धत आपल्याकडे पडली पाहिजे. या विषयावर मी वेगळं तासभर बोलू शकेन...

(सभागृहातून: "बाई, जेवायची वेळ झाली!" हशा.)

झाली आहे, दादा. पण तुमच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर त्याचं सगळं काढून, हात धुऊन तुमची सूनबाई जेवायला बसतेच. तिला जेवण जातं का, हे कुणी विचारत नाही. (टाळ्या, विशेषतः महिलांकडून.) म्हणून हा विषय चारचौघांत बोलण्याचा नाही, असं मला कुणी सांगू नये. चारचौघांत बोललं गेलं नाही म्हणूनच या जिल्ह्याला त्याची किंमत मोजावी लागली.

आता तेच बोलते. गाळप संपलं, ऊसतोडीच्या टोळ्या परत आल्या. या सभेत कोयत्यावर जाऊन आलेल्या बाया बसलेल्या आहेत. फडाशेजारी कोपी, पाणी लांबून आणायचं, आडोसा नाही, पाळीतही मोळी डोक्यावर, आणि खाडा केला तर दंड. अशात अंगावरून पांढरं जायला लागतं, त्याला वास येतो. ती कुणाला सांगत नाही. परत आल्यावर कधीतरी एकदा धीर करून दवाखान्यात येते. टेबलाशी नर्सिंगची मुलगी बसलेली असते. बाई जवळ येते, आणि त्या मुलीच्या भुवया वर जातात, हात मास्ककडे जातो, स्टूल वीतभर मागे सरकतं. मुलीच्या मनात काही वाईट नसतं. पण त्या वासाची जाणीव त्या बाईला स्वतःला रात्रंदिवस असते, ती समोरच्याच्या चेहऱ्याकडेच बघत असते. "कंबर दुखते" एवढंच सांगून ती गोळ्या घेऊन जाते.

पुढच्या वेळी ती दुसरीकडे जाते. तिथे सोनोग्राफी होते आणि सांगितलं जातं, पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल, काढून टाका. मुकादमाकडून घेतलेली उचल त्यात जाते. २०१९ च्या जूनमध्ये विधिमंडळात सरकारने सांगितलं की बीड जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. त्यातली प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती असं मी म्हणत नाही. पण मासळीसारखा वास असलेलं पांढरं जाणं पुष्कळदा साध्या जंतुसंसर्गाचं असतं, डॉक्टरांनी तपासून दिलेल्या गोळ्यांनी आठवड्याभरात आटोक्यात येतं. आणि रक्तमिश्रित, पाण्यासारखं, फार घाण वासाचं असेल तर कॅन्सरची तपासणी तातडीने हवी. दोन्हीकडे वासाबद्दल विचारावं लागतं, आणि जिने नाक मुरडलं तिला ते विचारता येत नाही.

तपासणीने काय होतं, हे लांब जाऊन बघायला नको. शेजारच्या धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने, १९९९ पासून तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. ज्या गटाला एकदाच एचपीव्ही तपासणी मिळाली, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे जगभर छापून आलं. त्या बायका खेड्यातल्याच होत्या, आणि त्यांना तपासणीला आणलं ते घरोघर फिरलेल्या आरोग्य सेविकांनी.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. मग नर्सिंगच्या मुलींनो, आता भराभर.

रिकाम्या पोटी ड्यूटीवर येऊ नका, पोट रिकामं असलं की जास्त ढवळतं. मास्कच्या आत व्हिक्सचं बोट फिरवायला माझी ना नाही, पण ओव्हर घेतल्यानंतर, आधी नाही. ड्रेसिंग उलगडताना तोंडाने श्वास घ्या, नजर हातावर ठेवा. अंधारी आली तर ट्रॉली धरू नका, ती चाकांवर आहे. भिंतीला टेकून खाली बसा, डोकं गुडघ्यांत घ्या, त्यात लाज नाही. चिकटलेलं गॉज सलाईनने भिजवून सोडवा, लगेच गुंडाळा, पिवळ्या पिशवीत टाका, पिशवी बांधा. जखमेत अळ्या असतील तर टर्पेंटाइनचा बोळा लावल्यावर त्या वर येतात, चिमट्याने एकेक काढायच्या, आणि पेशंटशी तेव्हा त्याच्या शेताबद्दल, लेकरांबद्दल बोलत राहायचं. कॅन्सरच्या कुजलेल्या जखमेसाठी डॉक्टरांना मेट्रोनिडाझोलबद्दल विचारा, जखमेवर लावलं की वास बराच उतरतो आणि माणूस पुन्हा नातवाला जवळ घेतो. वासावर उदबत्ती आणि फवारे मारू नका. वासानेच रोग होतो, असं नाइटिंगेलबाई मानत होत्या, ते चुकीचं ठरलं. पण खिडकी उघडा, वास झाकू नका, ज्यातून वास येतो ती वस्तू खोलीबाहेर काढा, हा त्यांचा १८५९ च्या पुस्तकातला आग्रह अजून खरा आहे. त्यासाठी वॉर्डात पाणी लागतं. टँकरच्या दिवसांत दवाखान्याचं पाणी आधी भरलं जाईल, एवढं ग्रामपंचायतीने बघावं. सरपंच इथे आहेत म्हणून सांगते.

अध्यक्ष महाराज, आभारप्रदर्शन दोन मिनिटांत उरकावं. इथल्या सिस्टर डावीकडच्या खोलीत थांबल्या आहेत. ज्या बहिणींना अंगावरून जाण्याबद्दल, पिशवीबद्दल, कशाहीबद्दल विचारायचं आहे, त्यांनी तिकडे जावं, नाव लिहिलं जाणार नाही. पुरुष मंडळींनी उजव्या दाराने बाहेर पडावं आणि दारात घोळका करू नये.